चौऱ्याहत्तर नंबरकडे बघ

घाटेकाकू बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. कानाकडे बघत. कधी कधी कानाच्याही पलीकडे, जणू मागच्या भिंतीवर घड्याळ आहे आणि त्यांना कुठे तरी पोचायचंय. काका गेल्यापासून ही सवय जास्तच वाढली, असं जुन्या बायका सांगत. अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या आमच्या मराठी मंडळींत यावर दोन मतं होती. काहींचं म्हणणं, बाईंनी चाळीस वर्षं हॉस्पिटलात सूक्ष्मदर्शकाखाली काचा बघितल्या, पेशींवरून लोकांचे रोग ओळखले, त्यांना जिवंत माणसाकडे बघायची सवयच नाही. बाकीच्यांच्या मते हा शुद्ध शिष्टपणा होता. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे पोळ्या करायला गेले तेव्हा मला वाटलं, माझ्या कानातलं खोटं आहे हे यांनी ओळखलं. दुसऱ्या खेपेला मी ते काढूनच गेले.

त्या पहिल्या दिवशीचं बोलणं अजून जसंच्या तसं लक्षात आहे. मी कणीक मळत होते, त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"शाळा किती?"

"आठवी."

"पास की नापास?"

"परीक्षेला बसलेच नाही, काकू. आई आजारी पडली, मग घरचं..."

"म्हणजे नापास नाहीस," त्या म्हणाल्या. "पोळ्या झाल्या की बस इथे. टपाल आलंय, वाचून दाखव."

मी तासगावकडची. नवऱ्याला इथल्या हॉटेलात स्वयंपाक्याची नोकरी लागली म्हणून आले. ओळख नसलेल्या नंबरचा फोन, खिडकीवालं पाकीट, हायवे, सगळ्यालाच घाबरायची. इंग्रजी पत्र हातात घेतलं की मला घाम फुटायचा. तसं सांगितलंही त्यांना.

"अक्षरं ओळखतेस ना? मग वाच. अर्थ मी सांगीन."

विम्याच्या कंपनीचं पत्र होतं. बोट ठेवून वाचलं. "धिस... इज... नॉट... अ... बिल."

"झालं की. अमेरिकेतलं सगळ्यात आनंदाचं वाक्य वाचलंस. आता पुढचं."

तेव्हापासून रोजचा नेम झाला. पोळ्या आठवड्यातून दोनदाच करायच्या असत, पण त्या मला रोज बोलावायच्या. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, टाउनशिपच्या नोटिसा, दुधाच्या डब्यावरची तारीख, सगळं मी वाचायचं. चुकले की रागावत नसत. "पुन्हा बघ," एवढंच म्हणत. हे त्यांचं पेटंट वाक्य. काचेवरचं एकदा बघून कधी कुणाला कॅन्सर आहे म्हणून सांगायचं नाही आणि नाही म्हणूनही सांगायचं नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. तोच भाजीच्या मिठाला, शेजारणीच्या चारित्र्याला आणि माझ्या स्पेलिंगला लावलेला.

गाडीच्या बाबतीतही तेच. एके दिवशी किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या. "मला ट्रॅफिकचा कंटाळा आलाय. आता तू चालव." माझ्याकडे लायसन्स होतं, पण मी गल्लीतून किराणा दुकानापर्यंतच जायची. पहिल्यांदा हायवेला शिरताना मी तिरक्या रस्त्यावर ब्रेक दाबून थांबले. मागे हॉर्नचा गोंधळ. काकू शांतपणे समोर बघत होत्या.

"काय करून राहिलीस?"

"काकू, मला जागा कुणी देईना."

"देणार नाहीत. तू वेग घे, मग होते जागा. जा."

गेले. त्यानंतर हायवेची भीती संपली असं म्हणणार नाही. पण भीत भीतही वेग घेता येतो हे कळलं. ते मला त्याआधी कुणी शिकवलं नव्हतं.

हायवेवरून जायचं ते मुख्यतः फुटबॉलला. हा इथला फुटबॉल, पायानं कमी आणि अंगानं जास्त खेळायचा. नागपूरच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कपाळाला टिकलीएवढं कुंकू लावणाऱ्या घाटेकाकू त्या खेळाच्या वेड्या होत्या, हे सांगितलं तर माझ्या गावी कुणाला पटायचं नाही. वेड मुळात काकांचं. ते इंजिनिअर. नवीन देशात आल्यावर ऑफिसातल्यांशी बोलायला विषय हवा म्हणून त्यांनी सबंध सीझनची दोन तिकिटं घेतली आणि ती कधी सोडली नाहीत. काकू सुरुवातीला मांडीवर पॅथॉलॉजीचं मासिक घेऊन बसायच्या. काकांना शेवटपर्यंत चेंडू कुणाकडे आहे हे कळायचं नाही, काकूंना दोन वर्षांत सगळं कळायला लागलं. काका गेल्यावरही दोन्ही खुर्च्या तशाच राहिल्या. काकांच्या खुर्चीवर मी बसू लागले.

त्यांचा थाट बघण्यासारखा असे. आत दोन स्वेटर, वर टीमची जर्सी, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी. स्टेडियमात आरपार दिसणारी प्लास्टिकची पिशवीच नेता येते, त्यामुळे काकूंचा सगळा संसार त्या पिशवीतून बाहेरच्यांना दिसे. लिंबू, तिखट-मिठाची पुडी, हातमोजे आणि ओव्याची डबी. दारावरच्या माणसानं एकदा डबी उचलून विचारलं, हे काय?

"सीड्स. पोटासाठी," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "ही टीम बघणार असाल तर तुम्हालाही लागतील."

त्यानं थोडा ओवा हातावर घेतला. पुढच्या प्रत्येक सामन्याला तो हात पुढे करायचा.

पार्किंगमध्ये सामन्याआधी लोक गाड्यांच्या मागे शेगड्या पेटवून खातपीत बसतात. तिथे आमचा मुक्काम रॉनच्या शेगडीपाशी. रॉन म्हणजे आमच्या मागच्या रांगेतला, धिप्पाड, पांढऱ्या दाढीचा प्लंबर. काकूंना तो डॉक म्हणे. त्याच्या शेगडीवर मांसाची सॉसेजेस भाजत असत, पण एका कोपऱ्यात तो कोरी फॉइल अंथरून ठेवी. तो कोपरा डॉकचा. तिथे दोन कणसं भाजायची आणि त्यांना काकूंचं लिंबू, काकूंचं तिखट-मीठ. फॉइलची हद्द सॉसेजनं कधी ओलांडली नाही. काकू म्हणत, "आमच्या नात्यातल्या लोकांनी माझं एवढं पाळलं नाही."

खेळ मला कसा शिकवला तेही सांगते. पहिल्या सामन्याला मी चेंडू शोधत होते. बावीस धटिंगण एकमेकांवर आदळतात, शिट्टी होते, सगळे उठतात, आणि चेंडू भलत्याच्याच हातात.

"चेंडूकडे बघू नकोस," काकू म्हणाल्या. "त्याच्याकडे सत्तर हजार लोक बघतायत. तू चौऱ्याहत्तर नंबरकडे बघ."

चौऱ्याहत्तर नंबरचा खेळाडू कपाटाएवढा होता. रांगेच्या डाव्या टोकाला वाकून उभा राही. त्याला चेंडूला हात लावायची सोय नाही, त्याच्या नावानं कुणी ओरडत नाही.

"तो काय करतो?"

"चेंडू फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते. त्या बाजूनं कोण अंगावर येतंय ते त्याला दिसत नाही. त्याला जे दिसत नाही ते यानं बघायचं आणि अडवायचं. आता सांग, काय करतोय तो?"

"उभा आहे."

"कसा उभा आहे? वजन कुठल्या पायावर? नीट सांग."

मी नीट सांगायला शिकले. दरवर्षी हिवाळ्यापर्यंत, प्रत्येक सामन्याला चार तास माझं तोंड चालू असे. वजन उजव्या पायावर, हात आधी वर गेले, दोन पावलं मागे, आता ढकलला, आता पडला. काकू शाल लपेटून, मान जराशी तिरपी करून ऐकत बसायच्या. एकदा रॉन मागून म्हणाला, "डॉक, तुझी मैत्रीण रेडिओपेक्षा चांगली आहे." मला त्याचं मोठं कौतुक वाटलं. महिनाभर नवऱ्याला सांगत होते.

काकूंचा आणखी एक नियम होता. शेवटची शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही. टीम तीस गुणांनी मागे असो, बर्फ पडत असो, पार्किंगमध्ये दोन तास अडकायची वेळ येवो. "आपण आलो ते बघायला. बघून झालं की जायचं." आणि उतरताना त्या माझं मनगट घट्ट धरत. "तुला पायऱ्यांची सवय नाही, पडशील." मी पडेन म्हणून ही म्हातारी मला सांभाळते, याचं मला भरून यायचं.

आता त्या सीझनकडे येते.

त्या वर्षी सगळे सांगत होते की टीम जिंकणार. टीव्हीवरचे सांगत, दुकानातला बिलावरचा मुलगा सांगे, रॉननं तर शेगडीला टीमचा रंग दिला होता. नवा फेकणारा आला होता, म्हणे असा वीस वर्षांत झाला नाही. ऑगस्टमध्ये टीमचा सराव लोकांना बघायला खुला असतो. काकूंनी मला तिथे न्यायला लावलं. दोराच्या अलीकडे आम्ही उभ्या होतो. खेळाडू मैदानातून उतरणीवरून खाली येत, पोरांना सह्या देत. सगळी गर्दी नव्या फेकणाऱ्याच्या मागे. चौऱ्याहत्तर नंबर एकटाच चालत आमच्या समोरून गेला. काकू त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्याच्या बाजूला, जमिनीकडे कुठे तरी बघत होत्या.

"हं," त्या म्हणाल्या.

"काय झालं, काकू?"

"काही नाही. पुन्हा बघायला पाहिजे."

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. तोच दोर, तीच उतरण. तो पुन्हा आमच्या समोरून गेला. "हं," काकू म्हणाल्या, आणि घरी जाताना वाटेत भुट्टे घेऊ म्हणाल्या. मी विसरून गेले.

मग गणपती आले. आमच्या मंडळींतल्या देशपांड्यांच्या घरी आरती झाली, द्रोणांतून प्रसाद वाटला जात होता. काकूंचा मुलगा निखिल ईडन प्रेरीहून आला होता. मिनेसोटातलं गाव ते, विमानानं तीन तास. तिथे त्याची मोठी नोकरी, मोठं घर, खालच्या मजल्यावर आईसाठी वेगळी खोली. तो दर खेपेला एकच विषय काढायचा, आणि काकू दर खेपेला त्याला गुळपोळी वाढून गप्प करायच्या. त्या दिवशी मात्र त्यानं सगळ्यांसमोर काढला.

"आई, आता एकटीनं किती दिवस? चल ना. देशपांडेकाकू, तुम्ही तरी सांगा तिला."

त्या काही बोलणार, तेवढ्यात घाटेकाकूंनी द्रोण खाली ठेवला.

"निखिल, पैज लाव. आपली टीम यंदा प्लेऑफमध्ये गेली, तर मी मरेपर्यंत इथेच राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही गेली, तर सीझन संपल्याबरोबर मी तुझ्याकडे येते. कायमची."

प्लेऑफ म्हणजे नेहमीचे सामने संपल्यावर वरच्या मोजक्या टीमांना मिळणारे पुढचे सामने. त्या वर्षी आमची टीम तिथे जाणार हे शेंबडं पोरगंही सांगत होतं. सगळे हसले. देशपांडेकाका म्हणाले, "निखिल, फसलास रे. घरात बसून आईनं सामना मारला."

"डील," निखिल म्हणाला, पण त्याचा चेहरा पडला.

मी हसले नाही. काकू गेल्या तर माझं काय, हा पहिला विचार, खोटं कशाला सांगू. टपाल कोण वाचून घेणार, रविवारी सामन्याला कुणाबरोबर जाणार. दुसरा विचार, की माणूस एवढं मोठं घर, एवढी वर्षं, एका चेंडूच्या खेळावर लावतं का? गाडीत म्हटलं तसं.

"टीम चांगली आहे ना?" काकू म्हणाल्या. "मग भितेस कशाला?"

पहिला सामना टीमनं जिंकला. मी मंगळवार धरले. दुसरा जिंकला. मी म्हटलं, देव पावला. तिसऱ्या सामन्यात, दुपारची वेळ, स्वच्छ ऊन, मी नेहमीसारखी सांगत होते, "वजन डाव्या पायावर... काकू, तो खाली बसला. गुडघा धरलाय." सगळं स्टेडियम चेंडूकडे बघत ओरडत होतं, कारण चेंडू पुढे गेला होता. दोन माणसं चौऱ्याहत्तरला खांद्याचा आधार देऊन बाहेर नेत होती. काकूंनी ओव्याची डबी काढली.

त्याच्या जागी कोवळा मुलगा आला. पुढच्याच सामन्यात नव्या फेकणाऱ्याच्या पाठीवर डावीकडून माणूस आदळला, खांद्याचं हाड मोडलं, आणि वीस वर्षांत झाला नव्हता तो फेकणारा महिना-दोन महिने प्लास्टरमध्ये गेला. मग हरणं सुरू झालं. टीम इतक्या तऱ्हांनी हरली की मला वाटायचं हे ठरवून करतायत. शेवटच्या मिनिटाला हरली. पहिल्या मिनिटाला हरली. जिंकलेला सामना स्वतःच चेंडू टाकून हरली. रॉननं डोक्यावर कागदी पिशवी घातली, डोळ्यांपुरती भोकं पाडून. काकूंनी त्याला ती काढायला लावली. "मला तुझी दाढी बघायची सवय आहे."

मला राहवेना. टीमला दृष्ट लागलीय हे उघड होतं. ऑगस्टपासून एवढी वाहवा झाली, लागणारच. पुढच्या सामन्याला मी आरपार पिशवीच्या बाहेर, कोटाच्या खिशात मीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या घेऊन गेले. रॉनच्या गाडीवर टीमचा झेंडा होता. मी त्या झेंड्यावरून तीनदा ओवाळलं, आल्यागेल्याची, गाडीघोड्याची, टीव्हीवाल्यांची म्हटलं, आणि मूठ त्याच्या शेगडीत टाकली.

पुढचं काय सांगू. मिरच्या संकेश्वरी होत्या. आधी रॉन खोकला. मग त्याचा जावई. मग शेजारच्या गाडीमागची आठ माणसं, मग त्यापलीकडची. धूर वाऱ्यावर बसला आणि रांगेनं पुढे गेला. लोक डोळे पुसत गाड्यांतून बाहेर, काही गाड्यांत आत. सॉसेजेस टाकून द्यावी लागली. पिवळं जाकीट घातलेला सुरक्षावाला धावत आला आणि त्यालाच असा ठसका लागला की त्याला काय विचारायचं होतं ते विचारता येईना. मला आता पकडणार, परत पाठवणार, नवऱ्याची नोकरी जाणार, इथपर्यंत मी पोचले होते.

काकू शालीनं नाक दाबून पुढे झाल्या. "मी डॉक्टर आहे," त्याला म्हणाल्या. "मसाला आहे. पाच मिनिटांत जाईल. पाणी प्या." तो पाणी प्यायला आणि गेला.

मग माझ्याकडे वळल्या. म्हणजे माझ्या कानाकडे.

"मंगल, तुझ्या गावी काय म्हणतात? दृष्ट असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही, बरोबर?"

"हो, काकू."

"आणि इथे किती लोकांना लागला?"

"सगळ्यांना."

"मग निदान झालं. दृष्ट नाहीये. टीमच वाईट आहे."

रॉनला हे इंग्रजीत सांगितल्यावर तो इतका हसला की पुन्हा खोकला लागला. त्याच्या शेगडीला सीझनभर वास येत होता. त्यानं फॉइलचा कोपरा मात्र काढला नाही.

डिसेंबरच्या मध्यावर हिशेब संपला. उरलेले सगळे सामने जिंकले तरी प्लेऑफ नाही, असं टीव्हीवर सांगितलं. मी काकूंच्या स्वयंपाकघरात उभी होते, रडायला लागले. काकू दहीभात जेवत होत्या.

"लोणचं दे," म्हणाल्या.

दहा मिनिटांत निखिलचा फोन आला. काकूंचा फोन नेहमी स्पीकरवरच असायचा. "आई, बघितलंस ना? अगं ती पैज गमतीत होती. मी तुला तसं ओढून नेणार नाहीये. तुला यायचं नसेल तर..."

"सात जानेवारीचं तिकीट काढ. चारला शेवटचा सामना आहे, तो बघून येते."

"आई, पण आय डिडन्ट मीन..."

"घाट्यांच्या घरात दिलेला शब्द फिरवत नाहीत. खिडकीची सीट बघ."

मी मनात म्हटलं, याला म्हणतात ताठा. मुलगा सोडतोय, तर ही बाई धरून बसलीय. मला रागच आला त्यांचा.

ख्रिसमसनंतर बांधाबांध सुरू झाली. फ्रिजवर एक चौकटींचा कागद चिकटवलेला असे, वहीच्या गणिताच्या पानासारखा, मधोमध काळा ठिपका. काकू रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी त्याच्यासमोर उभ्या राहायच्या, एक डोळा हातानं झाकायच्या, मग दुसरा. मला वाटायचं, एकाग्रतेचा काही तरी प्रकार. माझी सासू दिव्याकडे बघायची तसा. एका दुपारी काकू आत झोपल्या होत्या. मी कागद काढला, तर मागे बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. सवयीनं वाचायला लागले. बोट न ठेवता.

रोज एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघा. रेषा वाकड्या दिसल्या, किंवा मधला भाग दिसेनासा झाला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. खाली काकूंच्या हातची तारखांची ओळ होती. पहिल्या तारखा नेटक्या होत्या. शेवटच्या एकमेकींवर चढल्या होत्या, आणि त्याही दोन वर्षांपूर्वीच थांबल्या होत्या.

मी खुर्चीवर बसले. पुन्हा बघ, असं जणू आतून कुणी म्हटलं, म्हणून पुन्हा वाचलं. मधला भाग दिसेनासा झाला तर. म्हणजे ज्याच्याकडे सरळ बघायचं तेच दिसत नाही. कडेचं दिसतं. टपाल, औषधाच्या बाटल्या, गाडीच्या किल्ल्या, वजन कुठल्या पायावर. पायऱ्यांवर धरलेलं माझं मनगट. तोंडाऐवजी कान.

कागद होता तिथे परत लावला. निखिलला फोन करावा असं दोनदा वाटलं, दोनदा फोन खाली ठेवला.

चार तारखेचा सामना कशासाठीच नव्हता. उलट हरलं तर पुढच्या वर्षी नवे खेळाडू निवडायला आधीचा नंबर मिळतो, म्हणून आलेले लोकही टीम हरावी म्हणून ओरडत होते. स्टेडियम अर्धं रिकामं. वारा असा की कणीस तोंडापर्यंत नेईतो गार. काकूंची शाल मी पिनेनं बांधून दिली. आणि खेळ सुरू झाला तसं मी, न विचारता, सगळं सांगायला लागले. फक्त चौऱ्याहत्तर नव्हे. ढग कसे आहेत, रॉननं दाढी कापलीय, समोरच्या स्टँडमध्ये एकाच माणसानं शर्ट काढलाय, गुणफलकावर काय लिहिलंय.

काकूंनी मान माझ्याकडे तिरपी केली.

"आज फार बोलून राहिलीस."

"तुम्हीच म्हणता, नीट सांग."

त्यांनी शाल सारखी केली. मग म्हणाल्या, "फ्रिजवरचा कागद तू उलटा लावलास. वरच्या बाजूला तेलाचा डाग असतो, तो खाली गेला. तेवढं दिसतं मला अजून."

मैदानावर खेळाडूंची अदलाबदल चालली होती. मी तिकडेच बघत म्हणाले, "काकू, चौऱ्याहत्तर आलाय. गुडघ्याला पट्टा आहे."

"चालतो कसा?"

"जपून. पण येतोय."

"बघ त्याला. काही मिळायचं नाही आज, तरी आला." मग म्हणाल्या, "त्याचा गुडघा ऑगस्टमध्येच गेला होता. उतरणीवर पाय बाहेर टाकत होता. चेहरे मला दिसत नाहीत, पण चाल दिसते."

मी त्यांच्याकडे वळले. देशपांड्यांच्या घरातले द्रोण आठवले, सगळ्यांचं हसणं, निखिलचा पडलेला चेहरा.

"म्हणजे पैज लावली तेव्हा तुम्हाला..."

"दोनदा बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही, माहितीये ना तुला."

"मग काकू, सरळ सांगायचं होतं की निखिलला. तो तर..."

"सांगितलं असतं तर तो मला न्यायला आला असता. दोन्ही हातांनी धरून. मला कुणी न्यायला नको होतं, मंगल. मला जायचं होतं. डोळ्यांचं सांगीन मी त्याला, तिथे गेल्यावर, माझ्या खोलीत बसून." शालीत हात आखडून घेत म्हणाल्या, "आता नीट सांग. वजन कुठल्या पायावर?"

सांगितलं. टीम सहा गुणांनी जिंकली. लोकांनी खेळाडूंच्या नावानं शिमगा केला, आणि काकू एकट्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. शेवटची शिट्टी झाली, स्टँड रिकामा झाला, तरी आम्ही बसून होतो. रॉन खाली वाकून म्हणाला, "डॉक, पुढच्या वर्षी?"

"फॉइल ठेव," काकू म्हणाल्या. "मंगल येईल." दोन्ही तिकिटं त्यांनी माझ्या नवऱ्याच्या नावावर आधीच करून टाकली होती, हे मला तिथे कळलं.

उतरताना त्यांनी मनगट धरलं. "तू पडशील," म्हणाल्या. "हो, काकू," मी म्हटलं, आणि प्रत्येक पायरी मोजून सांगत उतरले.

सातला मी त्यांना विमानतळावर सोडलं. हायवेला शिरताना थांबले नाही. चाकांच्या खुर्चीसाठी निखिलनं सांगून ठेवलं होतं. ती घेऊन विमान कंपनीची एक कोवळी मुलगी आली. काकूंनी खुर्चीकडे साफ दुर्लक्ष केलं आणि तिचं मनगट धरलं. "फरशी गुळगुळीत आहे," तिला इंग्रजीत म्हणाल्या, "माझा हात धर, पडशील." ती गोंधळली, रिकामी खुर्ची एका हातानं ढकलत निघाली.

तपासणीच्या दोरापाशी मला थांबावं लागलं. आरपार पिशवी त्यांच्या खांद्याला होती. ओव्याची डबी लांबूनही दिसत होती. दोरापलीकडे गेल्यावर काकू वळल्या, मान जराशी तिरपी केली, आणि माझ्या उजव्या कानाच्या बाजूला कुठे तरी बघत राहिल्या. मागून लोक येत होते, ती मुलगी खोळंबली होती, तरी काकू हलल्या नाहीत.

मीही हलले नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या माझ्याकडे बघतच नाहीत. त्या दिवशी मी मान ताठ करून, खोट्या कुड्या घालून, त्यांचं बघून होईपर्यंत तिथे उभी राहिले.